पन्नास सेकंदांची तातडी

रॉनी हेपलने एकतीस वर्षं बसमध्ये लोकांची तिकिटं तपासली. तो चढला की कोल्डरिगच्या बसमधले प्रामाणिक प्रवासीसुद्धा उगाच खिसे चाचपायला लागत. निवृत्त झाल्यावर गावाने त्याला नगर परिषदेवर निवडून दिलं आणि परिषदेने त्याच्याकडे छाननी समिती सोपवली. ही समिती स्वतः काहीच करत नाही. दुसऱ्यांनी जे केलं ते का केलं, कधी केलं आणि कोणाला विचारून केलं, एवढंच विचारते. रॉनीला स्वर्ग दोन बोटं उरला. मंगळवारी दुपारी दोन वाजता तो अध्यक्षाच्या खुर्चीत बसून चष्मा नाकावर ओढायचा, तेव्हा भलेभले खातेप्रमुख आपली फाईल पुन्हा चाळायला लागायचे.

"माणूस तोच आहे," त्याची बायको ग्लेंडा म्हणायची, "नुसती बस गेलीय खालून."

परिषदेचा नियम असा होता, की कुठलाही निर्णय झाला की तो पाच दिवस नुसता ठेवायचा. तेवढ्यात छाननी समितीला शंका आली तर ती तो परत बोलावून त्याची उलटतपासणी करू शकते. पण काही गोष्टी पाच दिवस थांबत नाहीत. पूल खचतो, नाला तुंबतो, शाळेचं छप्पर उडतं. अशा वेळी ते पाच दिवस माफ. अट एकच, की 'हे खरोखर थांबू शकत नाही' असं छाननी समितीच्या अध्यक्षाने मान्य केलं पाहिजे. म्हणजे अख्ख्या गावाच्या दाराची कडी एकट्या रॉनीच्या हातात होती. त्या वर्षी ऑगस्ट संपेपर्यंत तेवीस कामं तातडीची म्हणून आली, आणि तेवीसही वेळा रॉनी हो म्हणाला.

यात लबाडी अजिबात नव्हती. यात शुक्रवार होता. खातेप्रमुखांना शनिवार-रविवारी डोक्याला ताप नको असे, म्हणून तातडीची कामं नेमकी शुक्रवारी दुपारी सुचत. आणि शुक्रवारी दुपारी रॉनी मळ्यात असे.

कोल्डरिगमधला मळा म्हणजे परिषदेकडून भाड्याने घेतलेला बारा पावलं रुंद आणि तीस पावलं लांब जमिनीचा तुकडा. कोळशाची खाण चालू होती तेव्हापासून हे मळे आहेत. खाण गेली, मळे राहिले. तिथे बटाटे, कोबी, घेवडा सगळं होतं, पण ते घरच्यांचं तोंड बंद ठेवायला. इभ्रतीसाठी असतो तो लीक. पातीच्या कांद्याचा हा आडदांड चुलतभाऊ कोल्डरिगचे लोक दंडाएवढा जाड करतात. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जुन्या खाणकामगारांच्या क्लबात त्याचं प्रदर्शन भरतं. प्रत्येकाने एकेक जोडी मांडायची, आणि परगावचा परीक्षक येऊन पट्टीने मोजतो. प्रदर्शनाआधीचे चार आठवडे माणसं मळ्यातल्या शेडबाहेर खुर्ची टाकून पहारा देतात, कारण पूर्वी कोणी कोणी चाकू घेऊन दुसऱ्याचे लीक कापल्याच्या गोष्टी आहेत. क्लबात एकाची बायको पळवलेला दुसरा त्याच्याच शेजारी बसून बियर पितो, कोणी काही म्हणत नाही. पण चाळीस वर्षांपूर्वी एकाने लीक कापले, त्याच्या नातवालासुद्धा अजून कोणी डार्ट्सच्या संघात घेत नाही.

या लीकमधला राजा होता मॅटी स्टॉब्स. वय त्र्याऐंशी, जन्म खाणीत गेला, छातीत अजून खाणीची धूळ. रॉनीला लीक लावायला त्यानेच शिकवलं आणि नंतर त्याला अकरा वेळा हरवलं. अकरा वर्षं मॅटी पहिला, रॉनी दुसरा. मॅटीचा मळा खालच्या रांगेत, रॉनीचा वरच्या. यंदा डॉक्टरांनी मॅटीला सांगितलं होतं की पुढच्या वर्षी वाकणं, खणणं विसरायचं. म्हणजे हे शेवटचं प्रदर्शन. आणि यंदाची त्याची जोडी अशी होती की लोक संध्याकाळी बायकांना घेऊन बघायला येत. रॉनी स्वतः रोज जाऊन बघायचा आणि रोज उदास होऊन परत यायचा.

"तुझेही वाईट नाहीत हं," मॅटी म्हणायचा.

"गप रे. वाईट नाहीत म्हणजे दुसरा नंबर, एवढं कळतं मला."

ऑगस्टमधल्या शेवटच्या शुक्रवारी तीन चाळीसला रॉनी गुडघ्यावर बसून आपल्या डावीकडच्या लीकभोवती मापाची फीत गुंडाळत होता. गेल्या तीन दिवसांत पाव इंच वाढ होती, की फीतच सैल पडली होती, हे काही केल्या ठरेना. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. त्याने तो खांद्याने कानाशी दाबला.

"काउन्सिलर हेपल, केरी बोलतेय, परिषदेतून." केरी लेडलर समित्यांचं कामकाज बघायची. मुलगी नीटनेटकी, ऐकलं ते जसंच्या तसं लिहिणारी. "एक तातडीचा निर्णय आहे, तुमची संमती हवी होती. भूखंड एकशे बारा-ब. जुन्या खाणीत हवा सोडायची विहीर जमिनीखाली असू शकते, जमीन खचण्याचा धोका आहे. सोमवारी खोदून बघायचं म्हणतायत. पाच दिवस थांबता येणार नाही असं प्रिंगलसाहेबांचं मत आहे. तुम्हाला काही विचारायचंय का?"

फीत निसटली. रॉनीने दात-ओठ खाऊन ती पुन्हा धरली.

"प्रिंगल म्हणतो ना थांबत नाही? मग झालं. हो पोरी, कर काय करायचं ते."

"नकाशा पाठवू का?"

"मला कशाला नकाशा? हात चिखलात आहेत माझे."

त्याने फोन खिशात टाकला आणि पुन्हा मोजलं. पाव इंच खरंच वाढ होती. तो सुखावला.

सोमवारी सकाळी तो डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला होता. अकराला मळ्यात आला तेव्हा खालच्या रांगेत पिवळं खोदयंत्र उभं होतं आणि सहा मळ्यांच्या जागी एक लांबलचक खड्डा होता. मॅटी एका पालथ्या बादलीवर बसला होता. त्याच्या मांडीवर त्याची जोडी होती, मुळांसकट, मातीसकट. यंत्रवाल्याने चांगुलपणा करून ती त्याला उपटून घेऊ दिली होती. पण प्रदर्शनाला तीन आठवडे असताना उपटलेला लीक म्हणजे नुसती भाजी. तीन आठवड्यांत तो सुकून चिंधी होतो.

"कोणी केलं हे?" रॉनी ओरडला.

"परिषदेने," मॅटी म्हणाला. "शनिवारी नोटीस लावली होती म्हणे. फाटकावर."

फाटक गेली वीस वर्षं उघडंच होतं, खाजकुयलीत टेकलेलं. नोटीस खाजकुयलीकडच्या अंगाला लावली होती.

रॉनीचं डोकं फिरलं. मॅटी मुळांवरची माती एका बोटाने झटकत होता. अकरा वर्षं या माणसाने हरवलं म्हणून त्याचा राग राग केला, आणि आता त्याला हरवायची संधीसुद्धा कोणीतरी यंत्राने उकरून नेली होती. मळ्यांसाठी कोणी आपली संमती घेतल्याचं त्याला काही आठवत नव्हतं, म्हणून त्याने तिथेच उभं राहून केरीला फोन लावला.

"खालच्या मळ्यांचा निर्णय परत बोलवायचाय मला. आज. आत्ता."

"तो अमलात आलाय, काउन्सिलर. तातडीचा होता ना."

"मग तातडीचा का होता त्याची चौकशी लाव. खास बैठक. जाहीर, लोकांसमोर. मी अख्खा क्लब घेऊन येतो."

"हेपलसाहेब," केरीचा आवाज एकदम खाली आला, "फाईल मी आधी तुमच्या घरी आणून दाखवते. नुसती नजर टाका. मग ठरवा ना."

"मी आधी काही बघत नसतो, पोरी! आधी बघितलं की लोक म्हणतात आतून मिटवलं. मला जे दिसेल ते सगळ्यांसमोर दिसेल."

"बरं," केरी म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "नक्की ना?"

"हा काय प्रश्न झाला?"

बैठक पुढच्या गुरुवारी दुपारी दोनला ठेवली. चारला संपणार हे आधीच ठरलेलं होतं, कारण परिषदेच्या आवारात सदस्यांच्या गाड्या चारपर्यंतच उभ्या करता येत, आणि कोल्डरिगच्या लोकशाहीने गाडी उचलून नेऊ देण्याइतका त्याग अजून कधी केलेला नाही. प्रेक्षकांच्या खुर्च्या भरल्या. क्लबातले सगळे पांढऱ्या शर्टात, जणू मयताला आले होते. मॅटी पहिल्या रांगेत, काठी गुडघ्यांमध्ये धरून.

मालमत्ता विभागाचा डंकन प्रिंगल उभा राहिला. माणूस सभ्य, टाय सरळ.

"अध्यक्षमहोदय, जुन्या नकाशात त्या भागात विहीर असल्याचा संशय होता. माणसांच्या जिवाचा प्रश्न होता."

"नकाशा कधी मिळाला तुम्हाला?" रॉनीने चष्मा नाकावर ओढला.

"फेब्रुवारीत."

"आणि जिवाचा प्रश्न ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी कसा काय जागा झाला?"

प्रिंगलने हातातला कागद उलटला. "खोदयंत्र सोमवारी शेजारच्या गावात येणार होतं. जाता जाता इथलंही काम..."

प्रेक्षकांत खसखस पिकली. रॉनी असा रंगात आला होता की बस, तिकीट, प्रवासी सगळं एका जागी जमून आलं होतं.

"म्हणजे धोका जमिनीत नव्हता, यंत्राच्या वेळापत्रकात होता! बरं, सापडली का विहीर?"

"नाही, अध्यक्षमहोदय. तिथे विहीर नव्हती."

"नव्हतीच," पहिल्या रांगेतून मॅटी म्हणाला.

प्रेक्षकांनी बोलायचं नसतं, पण मॅटीला कोण गप्प करणार? रॉनी म्हणाला, "बोल मॅटी."

"ती विहीर वरच्या रांगेत आहे. तुझ्या शेडखाली, रॉनी. खाण बंद झाली त्या वर्षी आम्हीच भरली, चौघांनी. दगड, विटा आणि वरून वीतभर सिमेंट. त्यातले तिघं गेले. मी आहे अजून, कोल टेरेसवर, सतरा नंबरात. कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"विचारायला वेळ नव्हता," प्रिंगल म्हणाला.

"फेब्रुवारीपासून?" रॉनी गरजला, आणि टाळ्या पडल्या. त्याने हात वर करून त्या थांबवल्या. आता मुख्य वार शिल्लक होता. "मंडळी, नियम सांगतो की तातडीच्या निर्णयाला कोणीतरी मान्यता द्यावी लागते. 'थांबता येणार नाही' असं कोणीतरी, या इमारतीत बसून, शांत डोक्याने म्हणावं लागतं. मला त्या माणसाचं नाव हवंय. मिस लेडलर, फॉर्म वाचा."

केरी उभी राहिली. तिच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. "अध्यक्षमहोदय, फॉर्म पूर्ण भरलेला आहे. तो इतिवृत्ताला जोडता येईल. मोठ्याने वाचण्याची नियमात सक्ती नाही."

"इथे कोणाला वाचवायचं नाहीये, पोरी. वाच."

केरीने एकदा त्याच्याकडे बघितलं. मग कागदाकडे बघत वाचलं.

"कलम सात. छाननी समितीच्या अध्यक्षांशी फोनवर चर्चा केली. शुक्रवार, दुपारी तीन चाळीस. कालावधी पन्नास सेकंद. नकाशा देऊ केला, नाकारला. अभिप्राय: 'हो पोरी, कर काय करायचं ते.'"

कोणाचीतरी खुर्ची करकरली. मागून एक जण फुसकन हसला आणि लगेच गप्प झाला, कारण तेवढ्यात सगळ्यांच्या डोक्यात एकच हिशेब पुरा झाला होता. खालची रांग उकरली गेली. वरची रांग शाबूत. पहिल्याचे लीक गेले, दुसऱ्याचे राहिले. आणि हो म्हणाला तो दुसराच. इतक्या वर्षांत कोल्डरिगमध्ये चाकूने लीक कापणारे झाले होते. परिषदेच्या ठरावाने कापणारा हा पहिलाच.

रॉनीला ते क्षणात कळलं, आणि कानशिलं तापली. भूखंड एकशे बारा-ब. त्याने तो आकडा ऐकला होता. आता आठवत होता, फितीच्या आकड्याबरोबर. शरमेने त्याला खुर्चीत बसवेना. त्याने मॅटीकडे बघितलं. मॅटी आपल्या काठीच्या टोकाकडे बघत होता.

"अध्यक्षमहोदय," प्रिंगल मदतीला धावला, आणि खरं तर त्याने धावायला नको होतं, "नियमाप्रमाणे अध्यक्षांची संमती ही केवळ औपचारिक बाब असते. कोणी दोषी नाही."

"मिस लेडलर," रॉनी म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. "इतिवृत्तात लिहा. अध्यक्षांनी एकही प्रश्न विचारला नाही. अध्यक्षांना माहीतच नव्हतं ते कशाला हो म्हणतायत."

केरीने लिहिलं. चारला दहा मिनिटं कमी होती. सदस्यांनी कोट हातात घेतले. एकाने विचारलं की मग आता विहीर रॉनीच्या शेडखाली असेल तर तिथे खोदायचं का? त्यावर फार विचारी चर्चा झाली. घाई करू नये, वरच्या रांगेतल्या सर्वांचं म्हणणं लेखी घ्यावं, तज्ज्ञांकडून अभ्यास करून घ्यावा आणि अहवाल वसंतात ठेवावा, असं एकमताने ठरलं. मग समितीने, कोल्डरिगच्या रिवाजाप्रमाणे, सगळ्या प्रकरणाची 'नोंद घेतली'. नोंद घेतली म्हणजे काय, हे तिथे कोणी विचारत नाही. नोंद घेतली की घरी जायचं. जाता जाता एका सदस्याने निर्भीड आणि सखोल छाननीबद्दल अध्यक्षांचे आभार मानण्याचा ठराव मांडला. तोही मंजूर झाला.

क्लबात रॉनीशी कोणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. तो आत आला की डार्ट्स फेकणारे नेम धरण्यात फार गुंग होत. मुद्दाम केलं असं बहुतेकांना वाटत नव्हतं. पण मुद्दाम नाही केलं तर मग केलं तरी काय, यालाही कोणाकडे शब्द नव्हता. रॉनीने प्रदर्शनात भाग घ्यायचा नाही असं ठरवलं. प्रदर्शनाच्या आदल्या गुरुवारी मॅटी धापा टाकत वरच्या रांगेत आला.

"नाव मागे घेतलंस म्हणे."

"कुठल्या तोंडाने मांडू?"

"मांड. नाही मांडलेस तर लोक म्हणतील मॅटीने पोराला शरमवून पळवलं. माझं शेवटचं वर्ष आहे, मला ते नकोय." त्याने वाकून रॉनीची जोडी बघितली, बराच वेळ बघितली, हाताने माती चाचपली. "उजवीकडच्याला पाणी जास्त होतंय. आता नको देऊस."

रॉनीने मांडले. शनिवारी परगावच्या परीक्षकाने, ज्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, पट्टी लावली आणि रॉनी हेपलला पहिला नंबर दिला. बारा वर्षांत पहिल्यांदा. बक्षीस होतं एक विजेवर गरम होणारं ब्लँकेट. नाव पुकारल्यावर चार टाळ्या वाजल्या; त्यातल्या दोन परीक्षकाच्या होत्या, एक ग्लेंडाची, आणि चौथी, रॉनीने वळून बघितलं तर, मॅटीची. रॉनीला ते ब्लँकेट कुठे धरावं कळेना. काखेत धरलं तर मिरवल्यासारखं वाटत होतं आणि खाली ठेवलं तर टाकल्यासारखं.

रविवारी दुपारी, दरवर्षीसारखं, प्रदर्शनातले सगळे लीक चिरून मोठ्या पातेल्यात सूप केलं आणि गावातल्या म्हाताऱ्यांना वाढलं. रॉनी वाढायला उभा होता. मॅटीच्या समोरची खुर्ची रिकामी होती. पळी ठेवून तो तिथे बसला.

"शिवी दे मॅटी," तो म्हणाला. "काहीतरी बोल. तू गप्प बसलास की मला झोप येत नाही."

मॅटीने चमचाभर सूप फुंकून पिऊन बघितलं. घाई त्याला कधीच नव्हती.

"चाकूने कापले असतेस ना, तर इतकं नसतं लागलं."

"काय बोलतोस?"

"खरं सांगतो. कापायला आलेला माणूस निदान वाकून बघतो तरी, काय कापतोय ते."

पलीकडच्या टेबलावर कोणीतरी ब्रेड मागत होतं. मॅटीने आणखी एक चमचा घेतला आणि जरा विचार केला.

"तुझ्या लीकला चव नाही," तो म्हणाला. "मीठ दे इकडे."